मीना अब्दुल्लाची कॉफी आणि साहेबाचा शब्द

कुवेतला जायचं ठरलं ते आंब्यांमुळे. माझा मोठा भाऊ दाऊद तिकडे तेलाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. सलग तीन वर्षं त्याला मे महिन्यात सुट्टी मिळाली नाही, तेव्हा आईने फर्मान काढलं, "त्याला येता येत नसंल तर हापूस घेऊन आपणच जाऊ." मी दाभोळजवळच्या आमच्या गावी शाळेत सातवीला शिकवत होते. शाळेला उन्हाळी सुट्टी लागलेली, लग्न ठरत नव्हतं, वर्तमानपत्र वाचून बापासारख्या माणसांशी वाद घालायची खोड होती. मला गावाबाहेर काढायला सगळे एका पायावर तयार होते. ही १९६७ सालची गोष्ट.

आता मुंबईहून विमान चार तासांत पोहोचवतं. आम्ही गेलो आगबोटीने, डेकवर. वर ताडपत्री, खाली आपापली वळकटी, शेजारी ज्याच्या त्याच्या पेट्या. मस्कत, दुबई, बहारीन करत बोट रेंगाळत जाते आणि प्रत्येक बंदरात नवे लोक चढतात. तुम्ही कधी असा प्रवास केलात तर लिंबाचं लोणचं जवळ ठेवा, पोट ढवळलं की तेवढंच कामाला येतं. आईने पेंढ्यात रचलेले आंबे रोज उलटेपालटे केले, तरी निम्मे वाटेतच काळे पडले. उरलेल्या निम्म्यांवर ती पोरांसारखी नजर ठेवून होती.

शुवैखच्या बंदरावर उतरलो तर उकाड्याने थोबाडीत मारावी तसं झालं. दाऊदभाईने वाटणीची टॅक्सी केली, माणशी शंभर फिल्स. समुद्र डावीकडे ठेवून दक्षिणेला सरळ डांबरी रस्ता जातो आणि उजवीकडे नुसती वाळू. भाई राहायचा त्या अबू हलीफा गावात तेव्हा बसकी घरं होती, पाणी टँकरने यायचं, रोटी इराण्याच्या भट्टीतून. मासळीबाजारात आईने झुबैदी पाहिली आणि ओरडलीच, "हा तर आपला पापलेट! नाव बदलून हितं ऱ्हायला आलाय." तिथून पुढे तिचा कुवेतशी समझोता झाला.

दाऊदभाईचं घर आणि शेजारचं घर यांना एकच अंगण होतं. शेजारी राहायचा अबू खलील, फलस्तीनचा, म्हणजे पॅलेस्टाईनचा, भाईच्याच रिफायनरीत फिटर. खलील हा त्याचा तीन वर्षांचा मुलगा, म्हणून बापाला अबू खलील आणि आईला उम खलील म्हणायचं. थोरली मुलगी हनान तेरा वर्षांची, माझ्या वर्गातल्या मुलींएवढी. ती शाळेत इंग्रजी शिकत होती आणि ते वापरायला तिला गिऱ्हाईक हवं होतं. पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली आणि दोन्ही हात मागे बांधून म्हणाली, "टीचर, विचारा." मी जे विचारीन त्याला उत्तर. येत नसलं तरी उत्तर! मला ती पोर फार आवडली. अबू खलील आमच्याशी मोडकी हिंदी आणि तितकंच मोडकं इंग्रजी बोलायचा. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते.

संध्याकाळी अंगणात चटया पडायच्या. एका बाजूला पुरुष, मध्ये बोरूची ताटी, अलीकडे आम्ही बायका, आणि रेडिओ मात्र सामाईक. त्या मे महिन्यात रेडिओवर एकच विषय होता, युद्ध होणार की नाही. कैरोच्या निवेदकाचा आवाज चढला की खलील घाबरून आईच्या कुशीत शिरायचा.

या वादात अबू खलीलच्या घरचा प्रश्न अडकला होता. त्याची म्हातारी आई हिवाळ्यात लेकाकडे आली होती आणि आता तिला परत आपल्या गावी जायचं होतं, जॉर्डन नदीच्या पलीकडे. जर्दाळू पिकायला आले होते, ते तिच्याशिवाय कोण उतरवणार? तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. सोबतीला हनानने जायचं, असं कधीचं ठरलेलं. वाट लांबची, बसरा, बगदाद, अम्मान करत बसने. उम खलील म्हणत होती, पाठवू नका. म्हातारी म्हणत होती, मी एकटी जाईन. अबू खलील दोघींच्या मध्ये.

"अमेरिका लढाई होऊ द्यायची नाय," दाऊदभाई ताटीपलीकडून म्हणाला. "तिला तेल पायजे. ती सगळ्यांना गप बसवील."

मी अलीकडून तोंड घातलं. "दोन वर्षांपूर्वी आपल्यावर पॅटन रणगाडे चालून आले ते कुणी दिलेले, भाई? तेव्हा कुणी कुणाला गप बसवलं?"

"आणि दुष्काळात गहू कुणी दिला?"

"दिला. पण आपण व्हिएतनामबद्दल एक शब्द बोललो की गव्हाची जहाजं रेंगाळतात, तेही लिही हिशेबात."

"तू खातंस ना तो गहू?" भाई म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले, कारण खात होते. खरं सांगायचं तर माझी बडबड वरवरची होती. आतून मलाही वाटायचं की एवढा मोठा, शिकलेला, लोकांच्या मतांनी चालणारा देश भलतंसलतं होऊ देणार नाही.

अबू खलील हसला नव्हता. तो म्हणाला, "मी साहेबालाच विचारतो."

साहेब म्हणजे त्यांचा अमेरिकन इंजिनीअर. आपण त्याला टॉमसाहेब म्हणू. माणूस सोन्यासारखा, याबद्दल दोघांचं एकमत होतं. भाईला ताप आला तेव्हा स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलेलं. त्याच्या मेमसाहेबला हापूस खायचे होते, म्हणून शुक्रवारी आम्ही रिफायनरीच्या गावी, मीना अब्दुल्लाला निघालो. भाई, आई, मी, आंब्यांची पाटी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला अबू खलील. कंपनीच्या बसने गेलो, त्यामुळे पैसे पडले नाहीत. वाटेत चिमण्यांच्या ज्वाळा दिवसाढवळ्या जळताना दिसतात आणि हवेला कुजक्या अंड्यांचा वास. बंगल्यात मात्र गारेगार. मेमसाहेबने आंबा सुरीने कापायला घेतला तेव्हा आईने तिच्या हातातून तो काढून घेतला आणि चोखून दाखवला. टॉमसाहेबाने हनुवटीवर रस ओघळेस्तोवर दोन आंबे खाल्ले. भिंतीवर त्याच्या दोन मुलींचे फोटो होते.

मग कॉफी आली. अबू खलीलने कप घेतला आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवला.

भाई एकदम सावरून बसला. माझ्या कानाशी पुटपुटला, "त्याला काय तरी मागायचाय. शब्द मिळंपर्यंत तो पिणार नाय." तिथली ती रीतच आहे. पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही याचा अर्थ तो काही मागायला आलाय. यजमानाने हो म्हटलं की तो पितो, आणि त्याने प्यायली की यजमान बांधला गेला. मग मागे फिरणं नाही.

टॉमसाहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. "पी ना, गार होतेय," तो म्हणाला. "साखर हवी का?"

"साहेब, माझ्या मुलीला पाठवू?" अबू खलीलने विचारलं. सगळी हकीकत सांगितली. "तुमचं सरकार लढाई होऊ देईल?"

टॉमसाहेब मोकळेपणाने हसला. एका काळजीत पडलेल्या बापाला हसावं तसं, त्यात कुचेष्टा नव्हती. "अरे, आमचं सरकार हे होऊ देणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर माझी मुलगी पाठवली असती. खुशाल पाठव."

अबू खलीलने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून गुणगुणत होता. टॉमसाहेबाने एका फिटरची समजूत घातली होती. अबू खलीलला मात्र अमेरिकेने शब्द दिला होता. हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

हनान गेली त्या सकाळी तिने माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला, इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात असतो तसा. "टीचर, आल्यावर विचारा," म्हणाली. म्हातारीला बसमध्ये चढवताना ती इतक्या रुबाबात हुकूम सोडत होती की कंडक्टरही बाजूला झाला.

पुढच्याच आठवड्यात लढाई सुरू झाली.

मी तेव्हा आईसोबत सालमियात कापड घ्यायला गेले होते. दुकानांतले सगळे रेडिओ एकाच वेळी मोठे झाले. लोक रस्त्यावर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होते, कारण कैरोचा निवेदक विमानं पाडल्याचे आकडे सांगत होता. दुकानदाराने आमचे पैसेच घेतले नाहीत. घरी आलो तर उम खलील अंगणाच्या मधोमध बसली होती आणि तिला आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती फक्त गावाचं नाव यायची वाट पाहत होती.

नाव आलं नाही. आधी निवेदकाचा आवाज बसला, मग बातम्यांऐवजी नुसती लष्करी वाद्यं वाजू लागली, आणि मग कळलं की नदीपलीकडचं सगळं गेलं. सगळं! बोटीने यायला आम्हाला लागले त्याहून कमी दिवसांत. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की नकाशावरची जागा माणसांसकट हातची जाते आणि तिच्याबद्दल विचारायला कुठे जावं हेही कुणाला सांगता येत नाही.

तेल बंद झालं, साहेबांच्या बायकामुलांना विमानाने परत पाठवलं. अंगणात संध्याकाळी माणसं मावेनाशी झाली. अमेरिकेची विमानं लढली म्हणे, कुणी शपथेवर सांगत होतं, कुणी ती अफवा म्हणत होतं. "त्यांना ती जमीन कुणाची हे ठाऊकच नाय," एक म्हणाला. "ठाऊक असूनही करतात," दुसरा. भाई एकटाच साहेबाची बाजू घेत होता. "त्याने मुद्दाम नाय फसवला तुला. तो तसा माणूस नाय."

"मला ठाऊक आहे तो चांगला आहे," अबू खलील म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वाईट असता तर मी विचारलंच नसतं."

ताटीच्या अलीकडे मी ओठ चावत बसले. माझी सगळी वर्तमानपत्रं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली.

आणि मग टॉमसाहेब आला. एकटा, गाडी स्वतः चालवत, त्या दिवसांत! अंगणातली माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, आता याला मारतात. पण दारात आलेल्याला हाकलायचं नाही हीही तिथलीच रीत. अबू खलीलने त्याला बसवलं आणि स्वतः कॉफी ओतली. साहेबाने पेला घेतला. त्याने तो तसाच खाली ठेवला.

या खेपेला अमेरिकन काहीतरी मागायला आला होता, त्याला ठाऊक असो वा नसो.

"तुझी मागणी काय?" अबू खलीलने विचारलं.

साहेब गोंधळला. "मला खरंच वाटलं होतं," तो म्हणाला. "मी कुणी नाही रे. मलाही तुमच्यासारखंच रेडिओवर कळलं."

खरा धक्का मला तेव्हा बसला, युद्धाच्या बातमीहूनही मोठा. आम्ही ज्याला अमेरिका समजून विचारायला गेलो होतो, तो आपल्या मुलींचे फोटो लावून बसलेला एक माणूस होता आणि त्याच्या देशाने त्यालाही काही विचारलं नव्हतं. मग निवडणुका, मतं, लोकांचं राज्य, जे मी वर्गात रंगवून शिकवत होते, ते नेमकं कुठे होतं? मला राग आला, त्याचा आणि माझाही.

"पी," अबू खलील म्हणाला. "माफीच ना, ती मी देऊ शकतो."

साहेबाने कॉफी प्यायली. जाताना तो रडत होता. उम खलील मात्र ताटीआडून हलली नाही. ती मला म्हणाली, आणि एवढं अरबी मला समजलं, "त्याच्या मुली घरी पोहोचल्या."

आमची परतीची बोट लागेपर्यंत एवढाच निरोप आला होता की हनानला कुणीतरी नदीकाठी पाहिलं. पूल पडला होता आणि माणसं मोडक्या सळयांवरून अम्मानच्या बाजूला उतरत होती. म्हातारी म्हणे काठावर थांबली आणि माघारी वळली. अबू खलील अम्मानला शोधायला निघाला, त्याच आठवड्यात आम्ही बोटीवर चढलो. येताना डेकवर गर्दी कमी होती. आई पूर्ण प्रवासभर एकच म्हणत राहिली, "आपण आंबं नेलं नसतं तर?" मी तिला सांगत राहिले की आंब्यांचा काही संबंध नाही, आणि ती ऐकत नव्हती.

पावसाळा सरता सरता भाईकडून कळलं. हनान सापडली, अम्मानबाहेरच्या तंबूत. बापासोबत कुवेतला आली, शाळेतही जाते. फक्त इंग्रजीच्या तासाला उभी राहत नाही. म्हातारीचा पत्ता नाही.

आमच्या शाळेत तेव्हा अमेरिकेतून आलेल्या पावडरीचं दूध मिळायचं. वर्षातून एकदा वर्गाने तिकडच्या मुलांना आभाराचं पत्र लिहायचं, मजकूर मी फळ्यावर घालून द्यायचा. त्या वर्षी मी खडू हातात धरला आणि पहिली ओळ लिहिताच येईना. मुलं पेले घेऊन बसली होती. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं, कॉफी, साहेब, हनान.

मग पहिल्या बाकावरच्या जनाबाईने विचारलं, "बाई, हे तिकडच्या पोरांना माहीत आहे का?"

"नसावं," मी म्हटलं. "त्यांच्या मोठ्यांनाही कुणी धड सांगत नाही."

"मग आपण सांगूया ना."

मुलांनी स्वतःच लिहिलं. वर दुधाचे आभार, मनापासून, कारण दूध खरंच लागत होतं. खाली हनानचं नाव, तिचं वय, आणि एक प्रश्न, 'तुमच्या सरकारला तुम्ही विचाराल का, तिची आजी कुठे आहे?'

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. शाळेचं दूध बंद होईल या भीतीने त्यांनी तांबड्या शाईने खालचा भाग खोडला आणि पत्र पुन्हा सुवाच्य लिहून मागितलं. मुलांनी लिहून दिलं. दूध येत राहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर कुणीच पाठवलं नाही, कारण तो आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर गेलाच नव्हता.