सोलारवरची गोधडी

ऊन वाया चाललं म्हणून जीव खालीवर होणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका मामा होऊन आमच्या वाट्याला आला. लोडशेडिंग अर्धा अर्धा दिवस खात होतं, त्या काळात मामांनी कुरुंद्याच्या घरावर सोलारच्या प्लेटा बसवल्या. गावातल्या पहिल्याच. दुपारी एकपर्यंत बॅटरी भरायची आणि तिथून मामांची तकलीफ सुरू व्हायची. उरलेल्या उन्हाचं करायचं काय? रिकामा मिक्सर फिरवत, भर दुपारी सगळे दिवे लावत, रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून पंख्याखाली बसवत. एकदा शेळ्या वळणाऱ्या म्हातारीला असंच बसवलं, तर तिच्या शेळ्यांनी मामींची मेथी सफाचट केली. मामी ओरडत आल्या, तर हे म्हणतात कसे, "खाऊ दे, मुकी जनावरं उन्हातून आली." मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी उरलेली वीज फुकट घ्या, असा अर्ज घेऊन ते वीज कचेरीत गेले. सोबत मी. कारकून म्हणाला, "काका, वीज मागायचा फॉर्म आहे. द्यायचा नाही." "काहून न्हाई? मंग छापा की!" मामा तापले. आवाज ऐकून साहेब बाहेर आला. भला माणूस होता. म्हणाला, "तुमची वीज थोडीसुद्धा आमच्या तारेत यायला नको. लाइन बंद आहे म्हणून आमचा माणूस खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी घरातून उलटा करंट येतो." मामांचा चेहरा एकदम उतरला. आपण हे कुणाला सांगतोय, हे त्या बिचाऱ्या साहेबाला काय माहीत!

त्याच्याही आधीची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामांच्याच दारात, माझ्या ताईच्या हळदीला ऐन संध्याकाळी लाइट गेली. मामांनी हौसेनं भाड्याच्या जनरेटरची वायर घरच्या बोर्डात खुपसली. मेन स्विच पाडायचा राहिला. मांडव झगमगला, पोराटोरांनी टाळ्या पिटल्या, आणि कोपऱ्यावरच्या खांबावरून लाइनमन खाली कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. "माझीच चूक झाली," असं वरच्यांना सांगून तो मोकळा झाला. मामांचं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं. मामांना मात्र त्याच्यासमोर तोंड उघडणं कधी जमलं नाही. त्या तारेवर आपल्यापायी एका माणसाचा हात गेला. आता तिच्यात आपलं काहीतरी घालावं, एवढीच त्यांची धडपड होती. कचेरीत तीही वाट बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून बॅटरी भरली रे भरली, की मामा शिडी लावून प्लेटांवर मामींची जुनी गोधडी टाकायचे आणि सुतळीनं आवळायचे. सगळं गाव हसायचं. मी म्हणालो, "मामा, आपल्या सोलारचा त्या लाइनशी काही संबंधच नाही." ते म्हणाले, "तवाबी मला सगळं बराबरच वाटलं होतं, बाबा."

तो लाइनमन मात्र रोज दुपारी यायचा आणि पंख्याखाली बसायचा. मामा त्याला चहा बशीत ओतून द्यायचे. दोघं हळदीच्या भावाबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. त्या संध्याकाळबद्दल कधीच नाही. मग त्याचा मुलगा त्याला नांदेडला घेऊन गेला. मामांच्या पोटातलं पोटातच राहिलं. रिकाम्या खुर्चीवर पंखा मात्र चालूच असायचा. मला तो बघवत नसे.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामांचे गुडघे गेले होते. "आज तू चढ," म्हणाले. मी चढलो, गोधडी टाकली, सुतळी बांधली. खालून दर क्षणाला हाक, "संबाळून रे! झालं का? उतर आता!" मला हसू येत होतं. हसत हसतच खाली आलो, त्यांच्या शेजारी जमिनीवर उभा राहिलो, खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मामा, उतरलो."

त्यांनी मान हलवली. पण दोन्ही हातांनी घट्ट धरलेली शिडी काही केल्या सोडली नाही.