हळदीच्या रंगाचा कागद

वर्तकनगरच्या दोन खोल्यांत मी हाताने कागद करायचे, तेव्हा आईशी रोज खटके उडायचे. तिची विरलेली सुती साडी बारीक कापून, भिजवून, शिजवून मी तिच्याच मिक्सरमध्ये लगदा करायचे. "अगं, त्यात मी वाटण वाटते!" ती ओरडायची. मिक्सर कितीही घासला तरी हळद राहायचीच.

हाताने कागद करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेची मी हौसेने सभासद झालेले. त्यांच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने आपला एक कागद पाठवायचा होता. मी पाठवला. काही महिन्यांनी परदेशातून पत्र आलं, त्यात विचारलेलं, हा कोवळा पिवळा रंग कुठल्या झाडाचा?

आईला हसू आवरेना. दिवसभर ती शेजारणींना सांगत सुटली. संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसले, तेव्हा हात पुसत जवळ आली. "साडी माझी, मिक्सर माझा, हळदही माझीच. कागदाबरोबर नाव कोणाचं पाठवलंस गं?"

नाव माझं एकटीचंच होतं. उत्तरात मी हळदीबद्दल पानभर लिहिलं. आईबद्दल तेव्हाही एक ओळ लिहिली नाही.

त्याच साडीचा एक कागद अजून माझ्या कपाटात आहे, कोराच.