नाव न घेण्याची सोय

सासूबाई विसरण्याचं सोंग करतात अशी माझी पक्की खात्री होती. पोळ्या लाटायच्या म्हटलं की त्यांना पोळपाट सापडायचा नाही. माझ्या माहेरून आलेल्या लाडवांचा डबा मात्र बरोबर सापडायचा. मी मूळचीच संशयी. अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो, माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती, आणि मी पाण्याला गेले की ती सासूबाईंपाशीच असायची. सोंग असेल तर असो बापडं. पण खरं असेल तर पेटत्या शेगडीजवळ पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची?

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणींनी त्यांना उखाण्याचा आग्रह केला. दरवर्षी त्या लांबलचक नाव घ्यायच्या. यंदा म्हणाल्या, "आता या वयात कसलं गं नाव! सून आलीय घरात." बायका हसल्या. कैरीची डाळ वाढता वाढता मला ते खटकलं.

शेवटी गुडघे दाखवायच्या निमित्ताने मी त्यांना उल्हासनगरला, कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. खरं काय ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"माताजी, सुबह क्या पकाया?"

"भाजी-भात."

"घर में कौन कौन है?"

"सगळी आहेत, देवाच्या दयेनं."

"पती का नाम?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. डॉक्टर हसले. "आपके यहाँ औरतें नाम नहीं लेतीं, मालूम है मुझे. माताजी एकदम ठीक हैं."

माझा जीव काही थाऱ्यावर येईना. भाजी-भात आमच्याकडे रोजचाच. ही उत्तरं कुठल्याही दिवशी चालली असती.

परतताना टांग्यात मी सरळ विचारलं, "तुम्हाला नाव आठवत नाही ना?"

त्या चिडतील असं वाटलं होतं. पण त्या माझ्याजवळ सरकल्या. "हे आठवतात गं. चहा किती गोड लागतो, खोकतात कसे, सगळं. नाव तेवढं गेलंय. एरवी तोंडात घ्यायचंच नसतं, त्यामुळे कधी गेलं तेही कळलं नाही. आता काय ह्यांनाच विचारू?" त्यांनी माझा हात धरला. "ह्यांना कळू देऊ नकोस. आणि पोरीला माझ्यावर सोडून जात जाऊ नकोस. माझा मलाच भरवसा वाटत नाही. पण नाव तेवढं सांग."

मी कशी सांगणार? सासऱ्यांचं नाव सुनेनंही घ्यायचं नसतं. मामंजींचं नाव माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालं नव्हतं. मला रडू आवरेना. टांगेवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडापाशी पदर धरला आणि त्यांच्या कानात नाव सांगितलं.

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "आता तू विसर," म्हणाल्या. "तुझ्या तोंडी शोभत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. त्या येऊन अगदी खेटून बसल्या आणि मामंजी बाहेर गेलेत ना, हे दाराकडे बघून घेतलं. मग पदर मागे सारून कान माझ्यापुढे केला. मी सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या कानाशी वाकले.