परीक्षेचा नारळ

भर मे महिन्यात डहाणूत बसून लोकरीचे स्वेटर विणणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं माझ्या नवऱ्याचं मत होतं. त्याचं फारसं चुकत नव्हतं. दर बुधवारी दुपारी आमच्या ओट्यावर सातजणी जमायच्या. मांडीवर लोकर, वर घरघरणारा पंखा, आणि घामाने सुया हातातून निसटायच्या. स्वेटर मुंबईच्या एका संस्थेकडे जायचे आणि तिथून जहाजाने, लढाईत घरदार गेलेल्या थंड मुलखातल्या लहान मुलांना.

तपासणी माझ्याकडे. सगळी नोकरी शाळेत शिवण शिकवण्यात गेली, त्यामुळे चूक काढल्याशिवाय मला घास जात नाही. गळ्यातून डोकं जातं का हे बघायला मूल हवं, पण असल्या उकाड्यात लेकराला स्वेटर घालू देणारी आई कुठून आणायची? म्हणून मी एक असोला, न सोललेला नारळ ठेवला होता, दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याएवढा, टेपने मोजून निवडलेला. नारळ गेला तर स्वेटर पास.

जवळच्या आगर गावची मावशी आमच्या गटात सगळ्यांत शेवटी आली. तिचा जन्म जाळी विणण्यात गेलेला, त्यामुळे सुया हाती बसायला दोन बुधवार पुरले. पुढचा आणि मागचा भाग वेगळा विणून खांद्यांवर शिवायचा, एवढं सांगून मी दुसरीकडे वळले. शनिवारी टेम्पो यायचा होता, आणि त्याआधीच्या बुधवारी तिने पिशवीतून नऊ स्वेटर काढले. टाके इतके एकसारखे की मला हेवा वाटला. पहिल्यात नारळ घातला, अडकला. दुसऱ्यातही अडकला. नऊच्या नऊ नापास.

माझी जीभ माझं ऐकत नाही. "मावशी, स्वेटर विणलेत की फास? पोरांचा जीव जाईल!"

बाकीच्या हसल्या. मावशी हसली नाही.

"जाळ्याची गाठ ढिली ठेवली तं मासा जातो, बाई. हाताला तेच लागलंय." मग ती त्या नारळाकडे बघत राहिली. "माझा पोरगा खलाशी. बोट हद्दीच्या पलीकडं गेली, सगळ्यांना धरून नेलं. तीन थंड्या तिकडच्या तुरुंगात काढल्या त्यानं. परत आला तवा अंगात हातानं विणलेला स्वेटर होता. कुणी विणला, त्याला पण ठाव नाय. त्या बाईला आता कुठं शोधू? म्हणून हे विणले. नऊतला एक तरी जाऊ द्या."

मला माझीच लाज वाटली. उगाच पदराने नारळ पुसत बसले. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता, आणि तिचं मन राखायला पास केले असते तर तिकडे एकाही मुलाच्या अंगात गेले नसते. हे तिला कसं सांगायचं?

सांगावं लागलंच नाही. तिने एक स्वेटर ओढून घेतला आणि कात्रीच्या टोकाने एका खांद्याची शिवण उसवली. "बाळाच्या झबल्याला बंद असतात ना? तसे इथं लावू."

खांदा उघडला, नारळ सुळकन आत गेला. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून नऊही खांद्यांना लोकरीचे बंद लावले. त्यांच्या गाठी मात्र मी मावशीलाच मारायला लावल्या. तिच्या हातची गाठ सुटणार नव्हती. शनिवारी टेम्पो वळणाआड गेला आणि छातीवरचा धोंडा उतरला, माझ्या आणि तिच्याही.

"तो नारळ द्याल का, बाई?" तिने विचारलं.

मी तिच्याबरोबर आगरच्या किनाऱ्यावर गेले. मुलाला धरून नेल्यापासून ती समुद्रावर रुसली होती. तो परत आल्यावरही तिने नारळ दिला नव्हता. आता ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि माझा परीक्षेचा नारळ तिने लाटेवर सोडला.

"पोरगा परत दिलास," ती समुद्राला म्हणाली. "आता हे नऊ पण नीट पोचव."