दिवाणामागची खुर्ची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच — तिच्याशी मी नुसती भांडत आले.

मुलगी समुपदेशक आहे, आजकालची. पेशंटच्या समोर बसते, त्याला घरचा अभ्यास देते, सरळ सल्लाही देते. "मम्मी, पहले ये तो पूछो, बंदा सेफ है या नहीं!" म्हणते. मी जुन्या वळणाची मनोविश्लेषक, खेकसते — ही कसली थेरपी? ही मलमपट्टी! मनोविश्लेषण म्हणजे वर्षानुवर्षं खणत मुळाशी जाणं, वगैरे. खरं सांगू? मला तिचा तो प्रश्नच सहन होत नाही.

खूप वर्षांपूर्वी यांची एअर फोर्सची बदली चंदीगडला होती, आणि पंजाबात दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी रोज माणसं मरत होती. सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत मी पेशंट बघायचे. पेशंट दिवाणावर आडवा, मी त्याच्या डोक्यामागे खुर्चीत, त्याला न दिसणारी. सल्ला द्यायचा नाही, हा आमचा नियम.

माझे एक पेशंट, मास्टरजी, शाळेत शिकवायचे. गावच्या सभेत बंदूकवाल्यांविरुद्ध बोलले, तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. एकदा म्हणाले, "डॉक्टरजी, एक मोटरसायकल पीछे लगी रहती है. बच्चों को लेकर दिल्ली चला जाऊँ?"

लहानपणी त्यांचे वडील बुलेटवरून घरी यायचे आणि पट्ट्याने मारायचे. मला काय, आयतंच सापडलं! मोटरसायकल म्हटल्यावर काय आठवतं, असं विचारलं मी. ते वडिलांबद्दल बोलत राहिले, रडले. म्हणजे सगळं आपल्याच मनात आहे, असं म्हणून गेले.

आणि — माझ्या खुर्चीसमोर खिडकी होती. पलीकडे बंद दुकानापाशी ती मोटरसायकल उभी होती. तिच्यावर दोघं, आमच्या दाराकडे बघत. आधीच्या खेपेलाही होते. मला दिसत होते! बोलले असते तर? पोलिसांत जावं लागलं असतं, माझं नाव पुढे आलं असतं. नियम कसला डोंबलाचा? मी घाबरले होते.

त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकात मास्टरजींना गोळ्या घातल्या.

त्यांची बायको आली. उभ्या उभ्याच विचारलं, "उन्हें पता था क्या? आपसे कुछ कहा था?"

पेशंटचं बोलणं आम्ही बाहेर सांगत नाही, म्हणाले मी.

तिने हात जोडले. "माफ करना जी," म्हणाली.

मी मान हलवली — जसं काही माफ केलं तिला.