ती बाहेर उभी आहे

देवाच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही, असं दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका व्हिलात मखमली खुर्चीवर बसून एका महाराजांनी आम्हाला सांगितलं होतं. हलत नसेल. पण माणूस हलवायचा असेल तर त्याचा पासपोर्ट पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध असावा लागतो, त्यात दोन पानं कोरी लागतात आणि परतीचं तिकीट लागतं. महाराज स्वतः या सगळ्याची पूर्तता करूनच कतारला आले होते. मी त्या दिवशी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात हसलो होतो. पुढे जे घडलं ते हसणाऱ्या माणसानेच लिहावं असं मला वाटतं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात आईला दोह्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. दवाखान्यातून अल सद्दच्या आमच्या फ्लॅटवर आणल्यावर ती फक्त सुमीच्या हातून जेवायची. सुमी म्हणजे सुमियाती, इंडोनेशियातल्या मध्य जावामधल्या एका खेड्यातली, नऊ वर्षांपासून आमच्या घरी कामाला राहणारी. माझा मुलगा ईशान मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो. सुमी मात्र आईशी अस्सल नाशिककडच्या मराठीत भांडत असे. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, भात भरवायला घेतला की आई ओठ घट्ट मिटायची. सुमीने "आई, नाटकं पुरे, आ करा" म्हटलं की तोंड उघडायचं.

झटका येण्याच्या आधीपासून आईचं एकच मागणं होतं, एकदा वणीच्या गडावर देवीच्या पायरीशी जायचं. डॉक्टरांनी फाईल चाळून सांगितलं, "न्यायचं असेल तर याच महिन्यात न्या. पुढे मी फिट-टू-फ्लायच्या दाखल्यावर सही करू शकणार नाही. आणि जिच्या हातून त्या खातात ती बाई बरोबर हवीच."

म्हणजे सुमीला भारताचा व्हिसा काढणं आलं. इंडोनेशियाच्या नागरिकांना आपला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, हे वाचून मला हायसं वाटलं. मग मी अर्ज उघडला. अर्जाला आडनाव हवं होतं. सुमीच्या गावात आडनावं नसतात. अर्जाला तिचे आजी-आजोबा कुठले ते हवं होतं, मागच्या दहा वर्षांत ती कुठे कुठे गेली ते हवं होतं, शरीरावरची ओळखीची खूण हवी होती. "मनगटावर आहे ना," ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात तुमच्या तव्याने दिलेली." शेवटी भेटीचा उद्देश होता. पर्याय बरेच होते. व्यापार होता, परिषद होती, योगाचा छोटा अभ्यासक्रमसुद्धा होता. एक म्हातारी हिच्याशिवाय जेवत नाही, असा पर्याय नव्हता. जो सगळ्यात निरुपद्रवी दिसला तो मी निवडला.

आणि मग पासपोर्टची तारीख भरताना माझा हात थांबला. मी एका कंपनीत कागदपत्रं सांभाळण्याचंच काम करतो. कोणाचं काय कधी संपतं याची यादी ठेवणं हा माझा पेशा आहे. माझ्या यादीत सुमीच्या कतार आयडीची, म्हणजे इथल्या निवासपरवान्याची, तारीख होती. पासपोर्टची नव्हती. आम्ही मुंबईत उतरणार त्या दिवशी तिच्या पासपोर्टचे पाच महिने आणि सहा दिवस शिल्लक राहणार होते. नवा पासपोर्ट इथल्या त्यांच्या दूतावासातून मिळणार, पण त्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंट लागते, आणि पहिली मोकळी तारीख आमच्या विमानानंतर नऊ दिवसांनी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहाटेची अजान होऊन जरा उजाडलं होतं, तेव्हा आई बोलली. तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा, आणि स्पष्ट. फ्लॅटच्या बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "ती बाहेर उभी आहे. तिला आत घ्या."

मेधाने दार उघडलं. कोणी नव्हतं. फक्त कॉरिडॉरचा दिवा लागलेला होता, जो कोणी समोरून गेल्यावर आपोआप लागतो आणि मिनिटभराने विझतो. दिवा विझला. मेधाने दार लावलं आणि माझ्याकडे बघितलं. अशा अवस्थेतली माणसं दारात कोणाला बघतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर हे रोज होऊ लागलं. तीच वेळ, तेच वाक्य. दार उघडलं की रिकामा कॉरिडॉर आणि लागलेला दिवा. "बाबा, इट्स जस्ट द सेन्सर," ईशान म्हणाला, आणि तो माझाच मुलगा आहे याचा मला आनंद झाला. मी खाली जाऊन वॉचमनला सांगितलं की चौथ्या मजल्याचा सेन्सर बिघडलाय. तो म्हणाला, "उस फ्लोर का सेन्सर तो दो महीने पहले निकाल के ले गए, सर. वहाँ की बत्ती बंद ही रहती है. नया लगेगा, इन्शाल्ला." मी 'शुक्रन' म्हणत आभार मानले आणि वर आलो. मेधाला मी एवढंच सांगितलं की तक्रार केली आहे.

"अहो, तुम्ही घाबरलाय," ती म्हणाली.

"मी विचार करतोय," मी म्हणालो.

"तेच ते. तुमच्याकडे दोन्हीसाठी एकच चेहरा आहे."

पाचव्या दिवशी मी आणि सुमी अपॉइंटमेंटशिवायच दूतावासाकडे निघालो. त्या सकाळी दोह्यावर धुकं होतं. इथल्या हिवाळ्यात ते कधी कधी असं येतं की समोरच्या इमारती पुसून टाकल्यासारख्या दिसेनाशा होतात आणि सिग्नलचा लाल दिवा हवेत नुसता लटकलेला दिसतो. सुमी मागच्या सीटवर ओठ हलवत दुआ म्हणत होती. मी काहीच म्हणत नव्हतो. फक्त निघताना आईचं ते वाक्य पुन्हा ऐकलं होतं, आणि गाडी लावताना माझ्या मनात आलं ते प्रार्थना या सदरात मोडतं की नाही मला सांगता येणार नाही. मी मनात म्हणालो, तू जी कोणी आमच्या दाराशी उभी राहतेस, आज जरा या दाराशी येऊन उभी राहा. माझ्याकडून आता काही होण्यासारखं उरलेलं नाही.

फाटकावरचा गार्ड नेपाळी होता, सभ्य होता. "अपॉइंटमेंट नहीं तो अंदर नहीं, सर. मेरे हाथ में कुछ नहीं है." बरोबरच होतं, मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, शिवाय एक नियमावली दाखवली असती. सुमी फाटकाशी उभी राहिली. मी गाडीच्या दाराला टेकून उभा राहिलो, दहा-बारा पावलांवर. तेव्हा धुक्यातून एक बाई तिच्याजवळ आली. वयस्क होती. गडद हिरवा पायघोळ झगा, डोक्यावर ओढणी, आणि दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या, जरा जास्तच. ती सुमीशी हळू आवाजात बोलली. मला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. जावातली भाषा असावी असं समजून मी लक्ष दिलं नाही. मग सुमी पळत माझ्याकडे आली.

"दादा, ती पिवळी फाईल द्या. लवकर."

आईच्या दवाखान्याची पिवळी फाईल गाडीत सीटखाली होती. ती बरोबर घेतली आहे हे मी सुमीला सांगितलं नव्हतं. फाईलवरचं दवाखान्याचं नाव बघून गार्डने वायरलेसवर कोणाशी तरी बोलून घेतलं आणि म्हणाला, "आ जाओ, बहन." सुमी आत गेली. मी त्या बाईचे आभार मानायला वळलो, तर तिथे धुकं होतं. पाऊण तासाने सुमी बाहेर आली ती डोळे पुसतच. आतल्या बाईंनी डॉक्टरांचं पत्र वाचून तातडीची नोंद करून घेतली होती. चार दिवसांनी या, असं सांगितलं होतं.

परतताना मी विचारलं, "तुमच्या गावाकडची होती का ती?"

"कोण? त्या मावशी?" सुमी म्हणाली. "नाही हो, दादा. तुमच्याकडच्या ना त्या. मराठीच बोलत होत्या. मला म्हणाल्या, पिवळी फाईल घेऊन जा. मला वाटलं तुम्हीच बोलावलंय त्यांना."

मी जे ऐकलं होतं ते मराठी नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. सुमीही तिच्या बाजूने तेवढ्याच खात्रीने सांगते. पासपोर्ट आणायला गेलो तेव्हा मी गार्डला विचारलं. "रोज़ पचास औरतें आती हैं, सर," तो म्हणाला. "धुंध में मैं किस-किसको देखता?" 

धुक्याच्या त्या दिवशी दुपारी आईने वाटीभर मऊ भात खाल्ला. दुसऱ्या सकाळी ती दाराकडे बघून काहीच बोलली नाही. मी तरीही दार उघडून बघितलं. कॉरिडॉर अंधारा होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं एकटं वाटलं.

पासपोर्टनंतर तीन दिवसांत व्हिसा आला. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या साहेबांनी सुमीला हिंदीत विचारलं, कशासाठी आलात? सुमी मराठीत म्हणाली, "आईंना देवीला न्यायचंय." साहेबांनी मान वर केली. "मराठी कुठे शिकलीस गं?" "आईंकडे. त्यांनी शिव्यांपासून सुरुवात केली." साहेब हसले, शिक्का मारला आणि म्हणाले, "जा, आत जा."

चौथ्या दिवशी आम्ही गडावर गेलो. ट्रॉलीने वर, पुढे चाकाच्या खुर्चीत. गाभाऱ्यासमोर पोहोचलो तेव्हा सुमी दाराबाहेरच थांबली. "मी इथं बसते, चपला सांभाळते," ती म्हणाली. ती तिच्या धर्माची, आम्ही आमच्या; नऊ वर्षांत आमच्या देवघरात ती कधी आली नव्हती आणि आम्ही कधी बोलावलं नव्हतं. हे आम्ही दोन्ही बाजूंनी सौजन्य समजत होतो. मी खुर्ची पुढे ढकलली, आणि आईने डाव्या हाताने दाराची चौकट पकडली. सोडेना. मान वळवून ती मागे बघत म्हणाली, तितकंच स्पष्ट, "ती बाहेर उभी आहे. तिला आत घ्या."

मेधा रडायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "चला हो पुढं, रांग आहे." मी सुमीला म्हणालो, "चल." तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि खुर्ची धरली. आजूबाजूच्या बायकांच्याही डोक्यावर पदर होते. पुजाऱ्याने तिच्याकडे एकदा बघितलं, हातावर साखर ठेवली आणि कुठलाही कागद मागितला नाही. सुमीने ती साखर आईला भरवली. आईने आधी तिच्याकडे बघितलं, मग अठरा हातांच्या देवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, जणू ताडून बघत होती.

मी अजूनही कशावरच पैज लावणार नाही. धुक्यात कोण होतं, दिवा कसा लागत होता, आई इतके दिवस कोणाबद्दल बोलत होती, यातलं मला काही सिद्ध करता येत नाही आणि करायचंही नाही. मला एवढंच कळलं की मी दार उघडून रोज बघत होतो, कोण आहे. आईने कोण आहे हे कधी विचारलंच नाही. ती फक्त आत घ्या म्हणत होती. शरण जाणं यालाच म्हणत असतील, तर ते मला माझ्या वाचाहीन झालेल्या आईने शिकवलं, आणि त्यासाठी मी तिचा, सुमीचा आणि त्या हिरव्या बांगड्यांचा ऋणी आहे.

त्यानंतर आई सतरा दिवस जगली. शेवटचा घास सुमीच्या हातचा होता. सुमी व्हिसाच्या मुदतीत परतली. तिच्या व्हिसाची प्रत त्या पिवळ्या फाईलमध्ये आहे. भेटीचा उद्देश या रकान्यात 'करमणूक व स्थलदर्शन' असं लिहिलेलं आहे.