यंदाचा मोरपंखी रंग

मॉलमधल्या मेकअपच्या काउंटरवर माझी आत्या कित्येक वर्षं काम करते. डोळ्यांसाठी दर मोसमाला नवा रंग यायचा आणि तो आधी आत्याच्या पापण्यांवर दिसायचा. तो बघूनच गिऱ्हाईक डबी उचलायचं.

मग एका आजारपणात तिची डावी पापणी लुळी पडली आणि अर्धी मिटलेलीच राहिली. रजा संपवून ती कामावर गेली, तेव्हा मॅनेजरने तिच्यापुढे मोठा काळा गॉगल ठेवला.

"सध्या असलेच मोठे गॉगल चालतात, ताई. घालूनच उभ्या राहा. गिऱ्हाइकांना बरं वाटेल."

"मला नाही वाटणार," आत्या म्हणाली. "आणि डोळे झाकून डोळ्यांचा रंग विकू कसा?"

"मग आत गोदाम सांभाळा."

आत्याने गॉगल त्याच्या हातात परत दिला. आरसा पुढे ओढला, लुळी पापणी बोटाने ताणून धरली आणि यंदाचा मोरपंखी रंग आधी तिच्यावरच लावला. रंग नीट बसेपर्यंत तिने पापणीची कड सोडली नाही. मॅनेजर धुमसत बघत राहिला.

तेवढ्यात एक वयस्कर बाई काउंटरशी थांबल्या. "माझ्या पापण्या पार लोंबल्यात हो. हा रंग बसेल त्यांच्यावर?"

"माझ्यावर बसला, तुमच्यावर न बसायला काय झालं? या, बसा."

मॅनेजरने पुढेही गोदामाचा विषय काढून पाहिला. आत्या जागची हलली नाही. आता हिवाळ्याचा तांबूस रंग आलाय. तोही ती दोन्ही डोळ्यांना लावते, अगदी ठसठशीत.